दोन अणूंमधली रेघ

ऑक्सफर्ड विद्यापीठातील गणिताच्या रूझ बॉल अध्यासनावर १९५२ साली नियुक्त झालेले चार्ल्स कूल्सन यांनी आपल्या बुद्धीची उत्तम वर्षे ज्या एका विषयाच्या चिंतनात घालविली, तो विषय म्हणजे अणूला अणू ज्यायोगे जखडून राहतो तो रासायनिक बंध. त्याच साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘व्हॅलन्स’ हा ग्रंथ रसायनाच्या अभ्यासकांनी पुढे कित्येक वर्षे प्रमाणभूत मानला. बंधाची लांबी किती, बळकटी किती, एकेरी आणि दुहेरी यांच्या दरम्यान त्याचे स्थान कोठे, असल्या प्रश्नांची उत्तरे गणिताने काढण्यात ज्याची हयात गेली, त्याच पुरुषाने रसायनशास्त्रज्ञांच्या भर सभेत असे सांगितले की, बंध नावाची कोणतीही वस्तू अस्तित्वात नाही. ती कोणी पाहिलेली नाही, कोणाला पाहता येणार नाही, आणि आपल्याच कल्पनेने तिला जन्म दिलेला आहे. हे उद्गार दृश्य तेवढेच सत्य मानणाऱ्या एखाद्या जडवाद्याचे असते तर त्यांत नवल नव्हते. परंतु कूल्सन हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. दीक्षित पाद्री नसूनही मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनामंदिरांतून ते प्रवचने करीत, आणि ज्याला कोणी पाहिलेले नाही अशा ईश्वराविषयी श्रोत्यांशी पूर्ण श्रद्धेने बोलत. अदृश्य बंधाला नकार आणि अदृश्य ईश्वराला होकार, ही दोन्ही एकाच अंतःकरणात सुखाने कशी नांदत होती, हा प्रश्न मला केवळ कूल्सन यांच्या चरित्रापुरता वाटत नाही. जोडलेल्या दोन वस्तूंखेरीज त्यांच्या जोडाला स्वतःचे असे काही अस्तित्व आहे काय, हा तत्त्वज्ञानातील फार जुना वाद आहे. आणि रसायनाच्या इतिहासाने त्या वादात जी साक्ष दिली आहे, ती आपल्याकडील तत्त्वचिंतकांनी लक्षपूर्वक ऐकावी अशा योग्यतेची आहे.

आजच्या अर्थाने बंधाची रेघ कागदावर आली ती १८५८ साली. त्यापूर्वी १८०८ मध्ये डाल्टनने वर्तुळाला वर्तुळ भिडवून संयुगांची चित्रे काढली होती. बर्झेलियसने धन आणि ऋण विद्युत् भारांच्या आकर्षणावर सर्व संयोगांचा उलगडा सोपविला होता. आणि द्यूमाने ॲसेटिक आम्लातील धनस्वभावी हायड्रोजनाच्या जागी ऋणस्वभावी क्लोरीन बसवून, तरीही त्या आम्लाची मूळ प्रकृती फारशी पालटत नाही असे दाखवून, त्या उलगड्याला मोठी हरकत घेतली होती. प्रत्येक मूलद्रव्याच्या संयोगशक्तीला ठरावीक मर्यादा असते हे फ्रँकलंडने १८५२ साली ओळखले, तेथून संयुजेची कल्पना रुजली. पण अणूंच्या चिन्हांमध्ये पद्धतशीर रेघ काढण्याचे धाडस केले ते आर्चिबाल्ड स्कॉट कूपर या स्कॉटिश तरुणाने, आणि हा तरुण एडिंबरो येथे सर विल्यम हॅमिल्टन यांच्यापाशी तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसा शिकून मग रसायनाकडे वळलेला होता, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. पॅरिसमध्ये वुर्ट्‌झ यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता त्याने निबंध लिहिला की, कार्बनाची संयुजा चार आहे आणि कार्बनाचे अणू परस्परांशीही जोडले जातात. आणि ती जोडणी दाखविण्यासाठी त्याने चिन्हांच्या मध्ये कोठे ठिपक्यांची तर कोठे अखंड रेघ ओढली. निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडण्याच्या कामी वुर्ट्‌झ यांच्याकडून विलंब झाला, तेवढ्यात जर्मनीत केकुलेचा त्याच आशयाचा लेख छापून आला, आणि अग्रक्रमाचा मान केकुलेकडे गेला. कूपरने गुरूशी तकरार केली, त्याला प्रयोगशाळा सोडावी लागली, मायदेशी परतल्यावर त्याचे चित्त ढळले, आणि १८९२ साली मृत्यू येईपर्यंत त्या बुद्धिमान पुरुषाच्या हातून रसायनाचे आणखी काहीच झाले नाही. पुढे केकुलेचाच शिष्य आन्श्युट्‌झ याने जुनी दफ्तरे धुंडाळून कूपरची ओळख जगाला पुन्हा करून दिली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

रेघ तर आली. पण तिचा अर्थ काय? १८६४ साली एडिंबरोच्याच अलेक्झांडर क्रम ब्राऊनने वर्तुळात चिन्ह आणि वर्तुळांमध्ये रेघा अशी आलेखरूप सूत्रे प्रचारात आणली तेव्हा त्याने स्वच्छ शब्दांत अट घातली होती की, या आकृतींनी अणूंचे अवकाशातील स्थान दाखविण्याचा आपला हेतू नाही. कोणता अणू रासायनिक दृष्ट्या कोणाशी निगडित आहे एवढेच त्यांतून समजावे. ही अट फार काळ पाळली गेली नाही. लोक बेसावध होते म्हणून ती मोडली असे म्हणता येत नाही. रेघेने दिलेले निकाल एकामागून एक खरे ठरत गेले, म्हणून ती मोडली. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढ्याच भांडवलावर निसर्ग दोन निराळे पदार्थ उभे करतो: एक मद्यातील अल्कोहोल, जे ७८ अंश सेल्सियसला उकळते, आणि दुसरे डायमिथिल ईथर, जे शून्याखाली २४ अंशांवरच वायुरूप होते. घटक तेच, संख्या तीच, वजन तेच. भेद आहे तो कोण कोणाशी जोडलेला आहे एवढाच. ज्या जोडणीमुळे एकाच सामग्रीतून दोन भिन्न स्वभावाचे पदार्थ निपजतात, त्या जोडणीला निव्वळ कल्पना कोण म्हणेल?

पाश्चरने १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, एका टार्टारिक क्षाराचे स्फटिक भिंगाखाली वेचून, बिंब आणि प्रतिबिंब यांप्रमाणे परस्परविरुद्ध घडणीचे दोन ढीग वेगळे केले होते, आणि त्यांच्या द्रावणांपैकी एक ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते तर दुसरे डावीकडे, हे सिद्ध केले होते. कागदावरची सपाट रेघ या चमत्काराचा उलगडा करू शकत नव्हती. १८७४ साली हॉलंडमध्ये व्हान्ट हॉफ आणि फ्रान्समध्ये ल बेल या दोघा तरुणांनी स्वतंत्रपणे सुचविले की, कार्बनाच्या चार संयुजा चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेल्या आहेत असे मानले की हे कोडे सुटते. व्हान्ट हॉफ तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि पुढे उत्रेख्तच्या पशुवैद्यक विद्यालयात त्याला नोकरी मिळाली. लाइप्झिगचे वृद्ध आचार्य कोल्बे यांनी १८७७ साली त्याच्यावर जो अत्यंत कडवट हल्ला चढविला, त्यात त्या विद्यालयाचाही उद्धार केला. न दिसणाऱ्या अणूंची अवकाशातील मांडणी सांगू पाहणे म्हणजे निसर्गविज्ञानातून हद्दपार केलेल्या भुताखेतांच्या विद्येला मागच्या दाराने परत घेणे होय, असा त्यांचा आशय होता. कोल्बे यांची भाषा अनुदार होती, पण त्यांच्या भीतीला मी तुच्छ लेखणार नाही. अदृश्याविषयी बोलण्याचा परवाना कोणत्या पुराव्यावर द्यावयाचा, ही चिंता विज्ञानाइतकीच धर्मालाही लागलेली असते.

येथे आपल्या दर्शनकारांकडे वळणे मला अगत्याचे वाटते. आणि तसे करताना आमच्या पूर्वजांना आधुनिक रसायन अवगत होते असे सुचविण्याचा माझा लवमात्र हेतू नाही. प्रयोगाने मिळणारी माहिती त्यांच्यापाशी नव्हती. प्रश्न मात्र त्यांनी नेमका हाच विचारला होता. वैशेषिकांच्या मते परमाणू निरवयव आणि नित्य. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि गवाक्षातून आलेल्या उन्हात तरंगणारा कण तो हा त्र्यणुक. दोन परमाणूंमध्ये जो संयोग होतो तो त्यांनी गुण म्हणून गणला, आणि त्या संयोगातून निपजलेले कार्य आपल्या कारणांत ज्या संबंधाने राहते त्या समवायाला तर त्यांनी द्रव्याच्या आणि गुणाच्या बरोबरीचा स्वतंत्र पदार्थ मानले. वसुबंधूने ‘विंशतिके’त यावर आक्षेप घेतला की, एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू येऊन भिडले तर त्याला सहा बाजू आल्या, आणि बाजू आल्या की निरवयवत्व संपले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात याहून खोल घाव घातला. दोन भिन्न वस्तूंना जोडण्यासाठी समवाय नावाची तिसरी वस्तू लागत असेल, तर त्या तिसरीला पहिल्या दोहोंशी जोडण्यासाठी चौथी लागेल, चौथीसाठी पाचवी, आणि या अनवस्थेला अंत नाही. यास्तव कार्य आणि कारण यांत तादात्म्यच मानले पाहिजे. हा युक्तिवाद वाचून विसाव्या शतकातील बंधविचार समोर ठेवला, म्हणजे जगाच्या दोन टोकांना झालेल्या या विचारमंथनांत परस्परसंपर्क नसतानाही एकच अडसर दोघांच्याही वाटेत कसा आडवा आला, हे पाहून मन थक्क होते.

कारण विसाव्या शतकाने आरंभी त्या तिसऱ्या वस्तूचाच शोध घेतला, आणि क्षणभर ती सापडल्यासारखी वाटली. इलेक्ट्रॉन १८९७ मध्येच हाती आला होता. १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची अंतर्रचना उकलली, तेव्हा प्रत्येक कार्बनाभोवती चार कार्बन चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर बसलेले आढळले, आणि कोल्बे यांनी ज्याला भुताटकी म्हटले होते ते मापात सापडले. पण त्याच किरणांनी मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीन यांची जोडपी दाखविली नाहीत. दोहोंची एकाआड एक मांडणीच तेवढी दाखविली, आणि कोणता सोडियम कोणत्या क्लोरिनाचा हे विचारण्याची सोयच उरली नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या जुन्या रसायनज्ञांनी तब्बल १९२७ साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून, बिचाऱ्या मिठाचा हा बुद्धिबळाचा पट आपण नामंजूर करतो, असे जाहीर केले. दरम्यान १९१६ साली बर्कलीच्या गिल्बर्ट लुईस यांनी, दोन अणूंनी सामाईक केलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजेच बंध, हा सिद्धांत मांडला होता. कूपरच्या रेघेच्या जागी आता दोन ठिपके आले. तिसरी वस्तू सापडली. आणि शंकराचार्यांचा प्रश्न जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला, कारण ही जोडी त्या दोन अणूंना कशाने धरून ठेवते, याचे उत्तर लुईस यांच्यापाशी नव्हते.

ते उत्तर १९२७ साली झुरिचमध्ये वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्‌झ लंडन यांनी हायड्रोजनाच्या रेणूपुरते दिले, आणि या सबंध इतिहासात माझ्या मते त्याहून आश्चर्यकारक पान दुसरे नाही. दोन केंद्रके, दोन इलेक्ट्रॉन. पहिला इलेक्ट्रॉन पहिल्या केंद्रकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा, असे ठरवून गणित मांडले तर निघणारे आकर्षण अगदी क्षीण असते. त्यावर रेणू टिकणार नाही. परंतु कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा हे ठरविताच येत नाही, दोघांची अदलाबदल केली तरी स्थिती तीच राहते, ही गोष्ट गणितात नोंदविली की ऊर्जा खोल उतरते आणि बंध सिद्ध होतो. वैशेषिकांनी प्रत्येक परमाणूत त्याचा स्वतःचा ‘विशेष’ मानला होता, ज्याच्या बळावर एकाच जातीचे दोन परमाणू कायमचे निरनिराळे राहतात. त्यांच्या दर्शनाला नावही त्यावरूनच मिळाले असे परंपरा मानते. हाइटलर आणि लंडन यांचे गणित सांगते की, इलेक्ट्रॉनांच्या ठायी असा विशेष नाही, आणि तो नाही म्हणूनच हायड्रोजनाचे दोन अणू एकमेकांना सोडत नाहीत. जोडणारी तिसरी वस्तू येथे नाहीशी झाली आहे. उरली आहे ती संपूर्ण रेणूची एक अवस्था, जीत घटकांचे पृथक्त्व अंशतः लोपलेले आहे. शंकराचार्यांच्या तादात्म्याशी ही एकरूप आहे असा दावा मी करणार नाही. परंतु समवायाशी तिचे काहीच जुळत नाही, एवढे निश्चित.

आता येथेच थांबून, पुंजयामिकीने बंधाचा निकाल लावला असे म्हणण्याची मुभा असती तर विषय सोपा झाला असता. १९२९ साली डिरॅक यांनी लिहिले की, सबंध रसायनाचे मूलभूत नियम आता ज्ञात झाले असून अडचण केवळ समीकरणांच्या क्लिष्टतेची आहे. या विधानाची मोहिनी मोठी आहे, पण त्यात एक गोम राहून गेली. मघाच्या अल्कोहोलचे आणि ईथरचे उदाहरण घ्या. दोहोंतील केंद्रके तीच, इलेक्ट्रॉन तितकेच. म्हणून सर्व कणांना समान लेखून मांडलेले संपूर्ण समीकरण दोघांचे एकच असते. एकाला अल्कोहोल आणि दुसऱ्याला ईथर करणारी रचना त्या समीकरणात कोठेही लिहिलेली नाही. गणिती प्रत्यक्षात काय करतो? बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी १९२७ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे जड केंद्रके आधी ठरावीक जागी स्थिर मानतो आणि मग इलेक्ट्रॉनांचा हिशेब करतो. म्हणजे प्रयोगशाळेतील रसायनज्ञाने शंभर वर्षे जमविलेले रचनेचे ज्ञान तो मागील दाराने गणितात आणून ठेवतो. हे दूषण म्हणून मी सांगत नाही, कारण केंद्रके इलेक्ट्रॉनांहून हजारो पटींनी जड असल्यामुळे त्या रीतीला सबळ आधार आहे. पण रचना अगोदर आणि हिशेब मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवलाच पाहिजे.

संबंधांच्या सत्यतेविषयीचा हा वाद केवळ विद्वानांच्या बैठकीपुरता राहिला असे समजू नये. त्याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. बेंझीनच्या षट्कोनात केकुलेने १८६५ साली एकाआड एक एकेरी आणि दुहेरी बंध मानले होते. कॅथलीन लॉन्सडेल या विदुषीने १९२९ साली त्याच कुळातील एका पदार्थाच्या स्फटिकावरून दाखविले की, ते वलय सपाट असून त्याच्या साही बाजू सारख्याच आहेत. एकेरी बंध १.५४ आंगस्ट्रॉमचा, दुहेरी १.३४ चा, आणि बेंझीनमधील सुमारे १.४० चा, दोहोंपैकी कोणताच नव्हे. लायनस पॉलिंग यांनी यावर संस्पंदनाचा सिद्धांत दिला: कागदावर काढता येणाऱ्या अनेक रचनांपैकी एकही खरी नाही, खरा रेणू त्या सर्वांच्या मिश्रणाने वर्णन करावा लागतो. ज्या रचना अस्तित्वात नाहीत त्यांच्या आधारे अस्तित्वात असलेल्या वस्तूचे स्पष्टीकरण करणे हा चिद्वाद आहे, असा आरोप ठेवून १९५१ साली मॉस्को येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेने या सिद्धांताचा निषेध केला, आणि पॉलिंग यांचा ग्रंथ रशियन भाषेत आणणारे सिर्किन आणि द्यात्किना यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्याच सुमारास, १९५२ साली, अमेरिकी सरकारने पॉलिंग यांना त्यांच्या राजकीय मतांपायी पारपत्र नाकारले. मॉस्कोचा फैसला सत्तेच्या जोरावर दिलेला होता म्हणून तो निंद्य. पण सोयीसाठी काढलेले चित्र आणि वस्तुस्थिती यांत गल्लत होऊ नये, ही जी गोष्ट त्या परिषदेला सांगावयाची होती, ती पॉलिंग यांनी स्वतःच वारंवार सांगितलेली होती.

आता कूल्सन यांच्याकडे परत येऊ. विज्ञानाला ज्याचे उत्तर सापडत नाही त्या पोकळीत ईश्वराला बसविणाऱ्या आस्तिकांवर त्यांनी १९५५ सालच्या आपल्या ‘सायन्स अँड ख्रिश्चन बिलीफ’ या पुस्तकात कठोर टीका केली. पोकळी आज ना उद्या भरते आणि तेथला देव बेघर होतो. तेव्हा ईश्वर असेल तर तो सबंध निसर्गात, कोठेही फट न ठेवता आहे, नाहीतर तो मुळीच नाही, अशी त्यांची भूमिका होती. माझ्या समजुतीप्रमाणे बंधाविषयीचा त्यांचा नकार याच भूमिकेचे दुसरे रूप आहे. दोन अणूंमधल्या पोकळीत बंध नावाची वस्तू शोधू नका, एवढे सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि त्यांचे गणितही तेच सांगत होते. मात्र तेवढ्यावरून बंध ही निव्वळ कल्पना ठरविणे मला मान्य नाही. सावकाराचे कर्ज त्याच्या तिजोरीत सापडत नाही, कुळाच्या कणगीत सापडत नाही, आणि दोन घरांमधल्या रस्त्यावर तर ते खचितच पडलेले नसते; तथापि दोघांच्याही जमाखर्चात ते उमटते आणि फेडल्यावाचून सुटत नाही. दोन ग्रॅम हायड्रोजनातील सगळे रेणू फोडून सुटे अणू करावयाचे तर सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा मोजून द्यावी लागते, आणि त्यात कोणी सूट देत नाही. कूल्सन यांनी ईश्वराला जो न्याय दिला, फटीत नाही पण संपूर्णात आहे, तोच बंधालाही द्यावयास हवा होता. एका अदृश्याला एक कसोटी आणि दुसऱ्याला दुसरी, ही त्यांच्या विचारातील उणीव मला जाणवते. ईश्वराच्या अस्तित्वाचा निकाल यातून लागत नाही, आणि तसा लावू पाहणाऱ्याने रसायनाचा आधार घेऊ नये. पण न दिसणारे ते नाही, हा आक्षेप धर्मावर घेणाऱ्याला तो रसायनावरही घ्यावा लागेल, इतके यातून नक्की निघते.

समवाय प्रत्यक्ष दिसतो असे नैयायिक म्हणत, तो केवळ अनुमानाने कळतो असे वैशेषिक म्हणत. २००९ साली झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत, टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू बसविलेल्या सुईने पेंटासीनच्या एका रेणूवरून फिरून त्याचे जे चित्र मिळविले, त्यात एका ओळीतील पाच षट्कोन आणि त्यांच्या रेघा लख्ख उमटल्या, तेव्हा नैयायिकांचा विजय झाला असे कोणालाही वाटले असते. परंतु पुढील काही वर्षांतच असे आढळले की, ज्या अणूंमध्ये बंध मुळीच नाही अशा शेजारच्या अणूंमध्येही ती सुई तशीच रेघ दाखविते, कारण टोकावरचा रेणूच कलत असतो. वैशेषिकांचा पक्ष अद्याप हरलेला नाही. माध्यमिक शाळांतून फळ्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये रेघ ओढणाऱ्या शिक्षकांना यासाठी माझी विनंती आहे की, पहिल्यांदा ती रेघ ओढाल त्या दिवशी क्रम ब्राऊनने १८६४ साली घातलेली अट विद्यार्थ्यांना अवश्य सांगा, आणि एखाद्या मुलाने ही रेघ खरोखर कोठे असते असे विचारले, तर अभ्यासक्रमात नाही म्हणून त्याला खाली बसवू नका.